उपाशीपोटीची साखर : एका व्यापाऱ्याचा रोजमेळ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील मधुमेह तपासणी शिबिराच्या पूर्वसंध्येस ठाणे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्याच्या शिबिरास तज्ज्ञ डॉक्टर येणार असताना आज या विषयावर एका कापड व्यापाऱ्यास का उभे केले, असा प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमा-खर्चापलीकडे माझे ज्ञान जात नाही. परंतु 2011 सालापासून मी टाइप दोनचा मधुमेही आहे, आणि या आजारात करता येण्यासारख्या बहुतेक चुका मी स्वतः करून पाहिल्या आहेत. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आपल्या घरात रात्रिभोजन नाही. डोंबिवलीच्या घरून कल्याणच्या दुकानात डबा येतो, सूर्यास्तापूर्वी जेवण होते, चौविहाराचे पच्चक्खाण होते आणि दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही. हिवाळ्यात हा काळ चौदा तासांच्या आसपास जातो. प्रयोगशाळा उपाशीपोटीच्या तपासणीसाठी किमान आठ तास मागते. आपण तिला जवळजवळ दुप्पट देतो. त्यामुळे साखर निघाली तेव्हा माझी पहिली भावना दुःखाची नव्हती, अपमानाची होती. रात्री नऊ वाजता सुईने पाहिली तर 121, आणि सकाळी उठून पाहिली तर 148! मधल्या वेळात मी काय खाल्ले? काहीही नाही. मग ही 27 आली कोठून? ज्याच्या दुकानात रात्री कुलूप असताना माल वाढतो, त्याने हिशेब कसा लावावा?

याचे उत्तर मला फार उशिरा समजले. आपले यकृत हे साखरेचे गोदाम आहे. दिवसा जेवणातून आलेल्या साखरेचा काही भाग ते साठवून ठेवते आणि रात्री आपण उपाशी असताना थोडी थोडी बाहेर सोडते, कारण मेंदूला रात्रीही साखर लागतेच. शिवाय ते नवी साखर तयारही करते. निरोगी माणसात इन्सुलिन हा मुनीम गोदामाच्या दारावर बसलेला असतो. गरजेपेक्षा जास्त माल तो बाहेर जाऊ देत नाही. टाइप दोनच्या मधुमेहात यकृत त्या मुनिमाचे पुरेसे ऐकत नाही. त्यातच पहाटेच्या सुमारास शरीर उठण्याच्या तयारीला लागते, कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरके गोदामाला माल सोडण्यास सांगतात. डॉक्टर यास ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात. आपण पहाटेची वाढ म्हणू. म्हणजे सकाळचा आकडा हा केवळ रात्रीच्या ताटाचा निकाल नसतो. बऱ्याच अंशी तो आपल्या यकृताचा रात्रपाळीचा अहवाल असतो.

हे ठाऊक नसल्यामुळे मी काय केले ते ऐका. संध्याकाळचे जेवण निम्मे केले. आकडा हलला नाही. मग जवळजवळ सोडलेच. तरी 145, 150. सौभाग्यवतींवर संशय घेतला की भाजीत गूळ पडतो. यंत्र बदलले. आणि शेवटी, एका व्यापाऱ्याला हे सांगताना लाज वाटते, मी वही ‘लिहू’ लागलो. सकाळी तीन बोटांना तीन वेळा सुई टोचायची आणि सर्वांत कमी आकडा नोंदवायचा. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस कडक पथ्य पाळायचे. माझी वही इतकी सुंदर दिसत असे की कोणत्याही ऑडिटरने डोळे मिटून सही केली असती.

2014 साली तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, जिला एचबीए1सी म्हणतात, ती 8.4 आली. त्याचा अर्थ सरासरी साखर सुमारे 194. डॉक्टर बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी वही पाहिली, अहवाल पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘काका, जरा तुमचे मशीन दाखवता?’’ त्या यंत्राला स्मरणशक्ती असते हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी बटण दाबले आणि एकेका सकाळचे सर्व आकडे बाहेर आले : 161, 152, 138. वहीत फक्त 138. खतावणी आणि व्हाउचर जुळेनात. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘मी गोळीचा डोस या वहीवरून ठरवते, काका.’’

बंधूंनो, त्या वाक्याने माझे डोळे उघडले. मी फसवत होतो कोणाला? माझ्याच औषधाला.

आता वहीविषयी थोडे तपशिलात सांगतो, कारण उद्या अनेकांच्या हाती प्रथमच ग्लुकोमीटर येणार आहे. घरचे यंत्र म्हणजे सोनाराचा काटा नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या वरच्या आकड्यात 15 टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. म्हणजे खरी साखर 130 असेल तर यंत्र 111 दाखवील किंवा 149 दाखवील, आणि तरीही ते यंत्र चांगलेच म्हटले जाईल. तेव्हा काल 124 होती आणि आज 131 झाली म्हणून घरात सुतकी चेहरा करण्याचे कारण नाही. दोन आठवड्यांचा कल पाहावा. मधुमेहाचे निदान मात्र या यंत्रावर करीत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेले रक्तच हवे. उपाशीपोटी 126 किंवा अधिक, आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने दुजोरा, असा तो नियम आहे. पूर्वी ही रेघ 140 वर होती. 1997 साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने ती 126 वर आणली. उपचार चालू असलेल्या बहुतेकांसाठी सकाळचे लक्ष्य 80 ते 130 सांगतात. वयोवृद्धांना डॉक्टर थोडी सैल मर्यादा देतात.

हात साबणाने धुवून कोरडे करावेत, हे मी अनुभवाने सांगतो. एके दिवशी पूजा करून आल्यावर तपासले तर 212! घाम फुटला. नंतर लक्षात आले की नैवेद्याची खडीसाखर याच बोटांनी ठेवली होती. हात धुवून पुन्हा पाहिले, 137. स्ट्रिपची डबी पावसाळ्यात उघडी ठेवू नये, मुदत पाहावी, बोट पिळू नये, टोचणी बोटाच्या कडेला करावी. आणि वेळ रोज एकच असावी. उठल्याबरोबर पाहणे वेगळे आणि पूजा, सामायिक आटोपून नवकारशीच्या वेळी पाहणे वेगळे; काहीही न खाता या दीड-दोन तासांतसुद्धा माझा आकडा दहा-पंधराने चढतो. म्हणून मी आकड्यासमोर वेळ लिहितो, आदल्या संध्याकाळी काय जेवलो ते दोन शब्दांत लिहितो आणि झोप नीट झाली की नाही तेही लिहितो. रोज टोचण्याची गरज प्रत्येकाला नसते. मी आठवड्यातून तीन सकाळी पाहतो, आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी. हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे.

खरी वही दाखवू लागल्यावर डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची मात्रा बदलली आणि ती संध्याकाळच्या जेवणाबरोबर दिली. हे औषध मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते, म्हणजे गोदामाच्या दारावरच काम करते. (जाता जाता : या गोळीने ब-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि आपण शाकाहारी असल्याने ते आधीच तोकडे असते. त्याचीही तपासणी करून घ्यावी.) जेवणानंतर दुकानाच्या गादीवर बसण्याऐवजी वीस मिनिटे चालू लागलो. चार महिन्यांत सकाळचे आकडे 120 च्या घरात आले, आणि या वेळी ते खरे होते.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. परंतु 2016 च्या संवत्सरीचा प्रसंग सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही. त्या वेळी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड नावाची दुसरी गोळीही चालू होती. उपवास केला, औषधाची सूट ठेवली होती. सकाळी तपासले, 141. मनाशी म्हटले, एवढी साखर शिल्लक असताना उपवासात काय होणार? पाणी घेण्याची वेळ झाल्यावर दोन्ही गोळ्या घेतल्या. औषध चुकवायचे नाही, एवढेच डोक्यात. डॉक्टरांना विचारले नव्हते. त्या नको म्हणतील ही भीती होती.

दुपारी प्रतिक्रमणात, कायोत्सर्गात उभा असताना हात थरथरू लागले. कपडे घामाने भिजले. शेजारच्या गृहस्थांनी धरून बाहेरच्या खोलीत नेले. घरून यंत्र आले. आकडा 54. सौभाग्यवती साखरेचे पाणी घेऊन समोर उभ्या, आणि मी मान हलवून नाही म्हणत होतो. संवत्सरीचा उपवास मोडायचा? बोलताना जीभ जड झाली होती, पण हट्ट जड झाला नव्हता. शेवटी त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, पेला ओठांना लावला. तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा 83.

सकाळच्या 141 ने मला फसवले नाही, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. तो आकडा पहाटेचा होता, दिवसभराची हमी नव्हता. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आपण जेवलो की नाही हे विचारत नाहीत. त्या इन्सुलिन सोडावयास लावतात आणि साखर खाली आणतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांत दीर्घ उपवासाने वेगळा धोका संभवतो. शरीरातील पाणी आणि आम्लता दोन्ही बिघडू शकतात. तेव्हा पर्युषणाच्या किमान पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटून कोणती गोळी थांबवायची आणि कोणती कमी करायची हे लिहून घ्यावे.

व्रत मोडल्याचे शल्य मला कित्येक दिवस होते. प्रायश्चित्त घेण्यास गेलो तेव्हा गुरुमहाराजांनी शांतपणे समजावले की पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत आणि त्यांत समाधीसाठीचा आगारही आहे. असह्य व्याधीच्या वेळी औषधोपचाराचे दार पूर्वाचार्यांनी आधीच उघडे ठेवले आहे. इतकी वर्षे मी तो पाठ ऐकत होतो, हात जोडून, अर्थ न विचारता.

आयंबिलाविषयीही एक शब्द. श्रीपाल राजाच्या कथेत आपल्या ठाण्याचे नाव येते, त्यामुळे येथे नवपदाच्या ओळीचे महत्त्व मी सांगावयास नको. पुष्कळ मधुमेही बंधू म्हणतात, आयंबिलात गोड नाही, तूप-तेल नाही, मग साखर वाढणार कशी? मीही तसेच समजत होतो. चैत्रातील ओळीत दोन तासांनी पाहिले, 236. भात, इडली, खाखरा, सारे धान्य एकाच बैठकीत! तेव्हापासून ताटात मूग आणि इतर डाळी अधिक, भात नावापुरता. ओळी सुटलेली नाही.

‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणून जे उद्या येणार नाहीत, त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण देतो. 2004 साली त्यांनी आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण बारीक दिसतो, पण आत चरबी असते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. त्यांतले काही या सभागृहात आहेत आणि त्यांना ते ठाऊक नाही.

उद्या सकाळी सात वाजता रक्त घेण्यास सुरुवात होईल. चौविहार असणाऱ्यांनी तसेच यावे. नवकारशीची व्यवस्था शेजारच्या दालनात आहे. सकाळच्या गोळ्या घेऊन येऊ नयेत, सोबत आणाव्यात आणि खाताना घ्याव्यात. ज्यांच्याकडे घरचे यंत्र आहे त्यांनी तेही आणावे. शिरेतल्या रक्ताच्या अहवालाशी त्याचा आकडा ताडून पाहता येईल. वही असेल तर वही आणा. कोणी विचारले की तिसऱ्या बोटाचा आकडा कोठे आहे, तर माझ्याकडे बोट दाखवा.