वेळूचा ऑर्गन
(महोत्सवाच्या सायंकाळी देवळात केलेले भाषण)



आपल्या देवळातील जुन्या पायपेटीचा भाता फाटला आहे. ती मोडीत काढावी की दुरुस्त करावी, या प्रश्नावर आपणांत दोन पक्ष पडले आहेत. निर्णय सांगण्यापूर्वी आम्ही एका दूरच्या धर्मग्रामाची हकीकत निवेदन करतो.

फिलिपाईन्स देशात मनिलाजवळ लास पिन्यास नावाचे शहर आहे. शेती, मासेमारी व मीठ पिकविणे हे तेथील लोकांचे जुने उद्योग. १७९५ साली दिएगो सेरा नामक स्पॅनिश धर्मगुरू तेथे आले. त्यांनी दगडी देऊळ बांधले आणि त्यात ऑर्गन असावा असा संकल्प केला. ऑर्गनच्या नळ्या एरवी धातूच्या वा लाकडाच्या असतात. सेरा यांनी मात्र त्या भूमीत उगवणारा वेळू निवडला. १८१६ साली काम सुरू झाले. वेळू कापून समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेवले, जेणेकरून त्यांस पुढे कीड लागू नये. १८२१ साली ऑर्गन वाजू लागला. परंतु तुतारीचे स्वर वेळूतून मनाजोगे निघेनात. तेव्हा त्या नळ्या त्यांनी धातूच्या केल्या, व १८२४ साली काम पूर्ण झाले. एकूण नळ्या १०३१; पैकी ९०२ वेळूच्या.

पुढे भूकंप व वादळे यांनी देवळाची आणि ऑर्गनची फार हानी केली. कित्येक स्वर मुके झाले. तथापि तेथील लोकांनी त्याचा त्याग केला नाही. १९७३ साली तो जर्मनीतील बॉन शहरी क्लाईस यांच्या कारखान्यात पाठविण्यात आला. तेथील कोरड्या थंडीने वेळू तडकू नये, म्हणून फिलिपाईन्ससारखी उष्ण व दमट हवा राखलेली खोली सिद्ध केली होती. इकडे देऊळही पूर्ववत करण्यात आले. १९७५ साली ऑर्गन स्वगृही परतला व पुन्हा गाऊ लागला. २००३ साली तो राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून घोषित झाला.

बंधुभगिनींनो, वेळू ही काही मोलाची वस्तू नव्हे. त्यास मोल आले ते राखणाऱ्यांच्या निष्ठेमुळे. म्हणून आमचे मत असे की, पेटी दुरुस्त करावी. परंतु भाता शिवून काम संपत नाही. ती वाजविणारे हात हवेत. प्रत्येक वाड्यातून एक मुलगा वा मुलगी शिकण्यास पाठवा, एवढीच आमची महोत्सवाची मागणी आहे.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.