ब्रिटनपुढील वाटा आणि कामगारांचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१. प्रश्न एवढाच होता की राहावयाचे की जावयाचे. जाऊन उभे कोठे राहावयाचे, हे मतपत्रिकेने विचारलेच नव्हते. समाजवाद्यांनी अभ्यासावा असा वाद तेथूनच सुरू होतो.

एक वाट नॉर्वेची. त्या देशाच्या जनतेने १९७२ व १९९४ असे दोनदा सभासदत्व नाकारले. तथापि तो युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. माल, भांडवल, सेवा व माणसे यांचा मुक्त संचार मान्य करावयाचा, वर्गणी भरावयाची, बाजारपेठेचे कायदे पाळावयाचे. ते करताना मत मात्र नाही. साम्राज्याच्या आठवणी न विझलेल्या देशाला हे मांडलिकत्व पचणारे नव्हते. शिवाय बाहेरून येणाऱ्या मजुरांविरुद्धचा रोष हेच बाहेर पडू पाहणाऱ्यांचे मोठे भांडवल होते.

दुसरी वाट जकातसंघाची. तुर्कस्तान १९९५ च्या अखेरीपासून युरोपीय संघाशी अशा नात्याने बांधलेला आहे. कारखानी माल बिनजकात जातो, त्याच्या उगमाचे दाखले लागत नाहीत. मोटारीचे सुटे भाग सरहद्द अनेकदा ओलांडतात. सन्डरलंडच्या निस्सान कारखान्यातील किंवा २००८ पासून टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरमधील कामगाराची रोजी त्या भागांच्या वेळेवर येण्यावर अवलंबून असते. दोष आहेच: संघाने त्रयस्थ देशाशी करार केला की तुर्कस्तानला त्या देशाच्या मालास दार उघडावे लागते, पण तिकडचे दार आपोआप उघडत नाही. तरीही मला हीच वाट त्यातल्या त्यात बरी वाटते. १ एप्रिल २०१९ रोजी कॉमन्स सभागृहात ती २७३ विरुद्ध २७६ अशी तीन मतांनी हरली. संघात राहण्याच्या काही कट्टर पुरस्कर्त्यांनीही तिला मत दिले नाही!

उरला साधा व्यापारी करार. ३० डिसेंबर २०२० रोजी त्यावर सह्या झाल्या. जकात नाही, पण जाहीरपत्रे, उगमाचे दाखले आणि तपासण्या आल्या. बडी कंपनी त्यासाठी कारकून ठेवते. लहान कारखानदार निर्यातच सोडून देतो. आयर्लंडची खुली सरहद्द सांभाळण्यासाठी तपासणी समुद्रावर, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये, आली. २०२३ च्या विंडसर समझोत्याने ती सैल केली, संपविली नाही.

आता आपल्या गोटाकडे पाहू. १९७५ च्या सार्वमतात टोनी बेन यांनी सामायिक बाजारपेठेला विरोध केला, तो लोकशाहीच्या भूमिकेवरून. ज्यांना मतदार हटवू शकत नाही, त्यांनी कायदे का करावेत? प्रश्न रास्त होता. परंतु आठवड्याला सरासरी ४८ तासांची कामाची मर्यादा ब्रिटिश कामगाराला ब्रसेल्सच्या १९९३ च्या आदेशामुळे मिळाली, आणि हुजूर पक्षाचे सरकार तिच्याविरुद्ध न्यायालयात जाऊन १९९६ साली हरले. ती मर्यादा बदलण्याचा अधिकार आता वेस्टमिन्स्टरकडे आला आहे. २०२० चा करार कामगारसंरक्षण खालावण्यास मनाई करतो, परंतु त्याचा परिणाम व्यापारावर वा गुंतवणुकीवर होत असेल तरच. कामगाराच्या झोपेवर झालेला परिणाम त्यात धरलेला नाही.