मजल्यावरच्या घराचा विमा



विम्यासारखा रुक्ष विषय व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या मुरुडची कितीतरी कुटुंबे आज लातुरात, पुण्यात मजल्यांच्या इमारतींत राहावयास गेली आहेत. जन्माची कमाई त्या चार भिंतींत अडकली आहे. त्या भिंती पडल्या तर कोणी उभ्या करावयाच्या, एवढाच आमचा प्रश्न आहे.

भिंती पडतात, हे या जिल्ह्याला सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयास चार मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. हजारो माणसे गेली. पुढे सरकार धावले, जागतिक बँकेचे कर्ज आले, सेवाभावी संस्था आल्या, नवी गावे वसली. ती मदत मोठी होती. पण तिच्यावर कोणाचा लेखी हक्क नव्हता. हप्त्याची पावती हाती असली की भरपाई मागता येते, विनवावी लागत नाही. कामगार चळवळीत वय गेलेल्या आम्हांला हा फरक फार मोलाचा वाटतो.

गावातले घर पडले तर धनी आपल्या जागेवर पत्र्याचे खोपट तरी उभे करी. तिसऱ्या मजल्यावरचा मनुष्य काय करील? खालचे दोन मजले उभे राहिल्याखेरीज त्याच्या घराला जागाच नाही. त्याने एकट्याने विमा उतरविला तर पैसे हाती येतील, परंतु शेजाऱ्यांकडे पैसे नसतील तर इमारत उठणार नाही. म्हणून इमारतीचा विमा सर्वांनी मिळून, सोसायटीच्या नावे उतरवावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आग व भूकंप यांचा विमा आवश्यकच म्हटला आहे. हप्ता सदनिकेच्या बांधीव क्षेत्रफळाप्रमाणे वाटावयाचा. आणि कोणी धंद्यासाठी विशिष्ट माल साठविल्यामुळे कंपनीने जादा हप्ता लावला, तर तो बोजा त्यानेच सोसावयाचा, इतका बारीक विचार तेथे आहे. मात्र सभेत जिन्याच्या रंगावर दोन तास वाद होतो आणि विम्याचे नाव निघाले की मंडळी चपला शोधू लागतात!

रक्कम किती धरावी? जमीन जळत नाही, कोसळत नाही. चाळीस लाखांना घेतलेल्या सदनिकेचे बांधकाम आज समजा सोळा लाखांत होत असेल, तर विमा सोळा लाखांचा. बँकेने कर्ज देताना विमा घेतला आहे, म्हणून निर्धास्त राहू नये. तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. कागद वाचून पाहावा.

घरातल्या सामानाचे ज्याचे त्याने पाहावयाचे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठराविक पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वीज, पूर, भूकंप तीत येतात. घराचा विमा घेतला की सामानाला त्याच्या २० टक्के, पण १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. सोनेनाणे त्यात नाही. ते वेगळे नोंदवावे लागते. चोरीची भरपाई अशा एखाद्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरती. छत जुने होऊन गळू लागले, तर ती दुरुस्ती तुमचीच.

सोसायटीची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिला जाताना चिटणिसाकडे विमापत्र मागा, त्यावरील रक्कम व मुदत सर्वांसमक्ष वाचून घ्या, आणि विमापत्र नसेल तर त्याच बैठकीत ठराव मांडा.