शिडाच्या नौकेचे इंजिन तापते तेव्हा

शिडाच्या नौकेतले डिझेल इंजिन लहानसेच असते. मात्र वारा पडला, बंदरात शिरायचे असले किंवा नौका खडकापासून दूर न्यायची असली की सारी भिस्त त्याच्यावर येते. तापमानाचा इशारा वाजताच वेग कमी करावा आणि शीड उभारून किंवा नांगर टाकून नौका आधी सुरक्षित करावी. शोध त्यानंतर घ्यावा, आणि पाणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने घ्यावा.

आजच्या बहुतेक इंजिनांत या वाटा दोन असतात. आतल्या वाटेने कूलंट फिरते, सिलिंडरभोवतीची उष्णता घेते आणि हीट एक्स्चेंजरमध्ये सोडते. बाहेरच्या वाटेने समुद्राचे पाणी येते. तळाच्या सी-कॉक या झडपेतून गाळणीत, तिथून पंपात आणि पुढे हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन ते मिक्सिंग एल्बोमध्ये धुराला मिळते आणि नौकेच्या मागून बाहेर पडते.

म्हणून निदानाची सुरुवात मागच्या टोकापासून होते. धुराबरोबर पाण्याचे घोट नेहमीसारखे पडत असतील तर दोष बहुधा आतल्या वाटेत असतो. पाणी कमी झाले, आवाज पोकळ येऊ लागला आणि पांढरी वाफ दिसली, तर दोष बाहेरच्या वाटेत असतो. पाणी अजिबात येत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

बाहेरच्या वाटेत प्रथम सी-कॉक उघडा आहे का ते पाहावे. मग तो बंद करून वरची नळी काढावी आणि क्षणभर उघडावा. पाणी जोरात उसळले तर तोंड मोकळे आहे. उसळले नाही तर प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ किंवा बार्नॅकल अडकले आहे. पुढे गाळणी धुवावी आणि तिच्या झाकणाचे रबर तपासावे. तिथून हवा शिरली तरी पंप पाणी ओढत नाही.

पंपातला रबरी इम्पेलर हा या वाटेचा सर्वांत नाजूक भाग. त्याची पाती पाण्यानेच वंगण घेतात. कोरडा फिरला तर मिनिटभरातही तो निकामी होऊ शकतो. बाहेर काढल्यावर पाती वाकवून मुळाशी तडे गेलेत का पाहावे. तुटलेल्या पात्याचा तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतो. तो शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवून उपयोग नाही. कधी सगळी पाती शाबूत असतात, पण रबर मधल्या पितळी बुशावरून सुटलेले असते. मग दांडा फिरतो, इम्पेलर जागचा हलत नाही.

इंजिन फक्त जास्त वेगात तापत असेल तर अर्धवट अडथळा शोधावा. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत क्षार साचतात, मिक्सिंग एल्बोमध्ये काजळी आणि मीठ साचते. नौकेच्या पंख्याला (प्रोपेलरला) दोर गुंडाळला असला किंवा तळावर बार्नॅकलचा थर असला, तरी इंजिनावर बोजा वाढून ते तापते.

आतल्या वाटेचे झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडावे. आत दाब असतो. गरम असताना झाकण काढले तर उकळते कूलंट अंगावर उडते. कूलंटची पातळी, ते फिरवणाऱ्या पंपाचा पट्टा आणि झाकणाची स्प्रिंग पाहून झाल्यावर थर्मोस्टॅटकडे वळावे. तो पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवावा; त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नुकतेच कूलंट बदलले असेल तर आत अडकलेली हवा काढावी. गळती दिसत नसताना कूलंट घटत असेल तर एक्स्चेंजरची नळी किंवा हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. असे इंजिन चालवू नये.

एक खबरदारी कटाक्षाने पाळावी. इंजिन सुरू होत नसताना सी-कॉक उघडा ठेवून स्टार्टर सतत मारू नये. धुराचा जोर नसल्याने पाणी धुराच्या वाटेतल्या मफलरमध्ये साचते आणि मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरते. सी-कॉक बंद करावा आणि इंजिन सुरू होताच लगेच उघडावा.

मुंबईच्या बंदरात पावसाळ्यात अनेक नौका किनाऱ्यावर काढतात. महिनोन्‌महिने एकाच जागी दबलेली रबरी पाती वाकडीच राहतात, म्हणून हंगामाच्या आरंभी नवा इम्पेलर घालावा. ज्या इंजिनात हीट एक्स्चेंजरला झिंकची कांडी असते, तिथे ती निम्मी झिजली की बदलावी. जादा इम्पेलर, त्याचे गॅस्केट आणि एक पट्टा नौकेवर कायम असावा.