शेरू आणि नानांची काठी

आमच्या कुत्र्याचं नाव शेरू. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही. पुण्यातल्या एका प्राणी-निवाऱ्यातून त्याला घरी आणलं, तेव्हा त्याच्या कागदावर ते आधीच लिहिलेलं होतं. ज्यानं ठेवलं त्याला विनोदाची आवड असावी. कारण हा शेर केरसुणीला घाबरतो, उघडणाऱ्या छत्रीला घाबरतो, वाऱ्यानं प्लॅस्टिकची पिशवी फडफडली की थेट पलंगाखाली जातो. कुकरच्या शिट्टीचं मात्र त्याला काही नाही! पोळीचा तुकडा दिला तर समोर खाणार नाही. नाकानं ढकलत सोफ्यामागे नेऊन ठेवील आणि रात्री सगळी निजानीज झाल्यावर खाईल. रंग तांबूस, जात गावठी, वय अंदाजे तीन, एका कानाला खाच. ती नसबंदी झाल्याची खूण.

आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आधी कुणी मारलं होतं का हो याला?" मारलंही असेल. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला माणसाच्या हातातली काठी अनोळखी असेल, असं कोण म्हणेल? पण दुसरीही एक शक्यता असते. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वागण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, असं त्यांना दिसलं. त्या दिवसांत जे पाहिलं, हुंगलं, ते आपलं. जे भेटलंच नाही, त्याची पुढे धास्ती वाटू शकते. म्हणजे छत्रीनं शेरूला कुणी मारलंच असेल असं नाही. त्यानं लहानपणी छत्री पाहिलीच नसेल. आपल्याला मात्र गोष्ट हवी असते, आणि गोष्टीत एक दुष्ट माणूस हवा असतो.

पाव्हलॉव्हची घंटा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते. लेनिनग्राडच्या १९२४ च्या पुराची हकिगत फारशी कुणी सांगत नाही. पुराचं पाणी पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरलं. मोठ्या मुश्किलीनं कुत्री वाचली, पण त्यांतली काही शिकवलेलं सारं विसरून गेली. पुढे एकाची घडी परत बसली, तर प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची एक धार सोडताच ती पुन्हा विस्कटली. भीती गेली असं वाटतं, पण ती कुठेतरी दबा धरून असते. "वर्ष झालं की आणून, अजून कसा घाबरतो?" असं विचारणाऱ्यांना मी ही हकिगत सांगते.

श्रोतेहो, हे सगळं कौतुकानं सांगण्यापुरतंच राहिलं असतं. पण माझे सासरे, नाना, घरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, महिनाभर वॉकर झाला. वॉकरची खटखट शेरूला चालली. मग डॉक्टरांनी वॉकर सुटून काठी घ्यायला सांगितलं आणि घराचं रणांगण झालं. काठी दिसली की शेरू थरथरायचा, पाणीसुद्धा पीत नसे. एका रात्री नाना काठी टेकत न्हाणीघराकडे निघाले आणि पॅसेजच्या टोकाशी शेरू अडकला. मागे भिंत, पुढे काठी. तो गुरगुरला.

सकाळी घरात बैठक बसली. नाना म्हणाले, "माझ्याच घरात मी काठी लपवून चालू का?" प्रश्न रास्त होता. ब्याऐंशीव्या वर्षी पुन्हा पडणं परवडणारं नव्हतं. शेजाऱ्यांचा सल्ला होता, दोन फटके द्या, सरळ येईल. गुरगुरण्याबद्दल मारलं तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, घाबरणं सोडत नाही. मग पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. खरं तर गुरगुरण्याआधीही तो बरंच काही सांगत असतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, शेपूट पोटाखाली घेतो. आपल्याला ते वाचता येत नाही इतकंच.

पहिल्याच दिवशी आम्ही पॅसेजच्या तोंडाशी लाकडी फळी लावली. रात्री शेरू अलीकडे, नाना पलीकडे. डॉक्टरांना विचारून नानांनी काही दिवस घरात पुन्हा वॉकर घेतला. म्हणाले, "मी काठी सोडली. आता तुमचा शेरू काय सोडतो बघू."

मग काठी दिवाणखान्याच्या एका टोकाला जमिनीवर आडवी ठेवली. शेरू जिथे थांबला, तिथे, म्हणजे सात-आठ फुटांवर, उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकला. बस्स. ओढायचं नाही, "जा जा" म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुकडा वीतभर पुढे. नाही आला, तर पुन्हा मागे. तीन आठवड्यांनी त्यानं काठीचं रबरी बूच हुंगलं. वाटलं, झालं! पण भिंतीला टेकलेली काठी त्याच्या हिशेबी निराळी निघाली, नानांच्या मांडीवरची निराळी, आणि हलणारी तर भलतीच निराळी. दर वेळी श्रीगणेशा. नाना काठी दोन बोटं उचलायचे आणि मी अंडं टाकायची. असे अडीच महिने गेले. या काळात घाबरलेल्या शेरूला जवळ घेऊ नका, भीती वाढते, असंही पुष्कळांनी बजावलं. भीती ही काही लाड केल्यानं वाढणारी खोड नव्हे. तो स्वतःहून आला की मी त्याला खुशाल कुशीत घेते.

दिवाळीचं मात्र अंड्यानं भागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये रात्री दहानंतर आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली, पण ते आमच्या गल्लीला कळवायचं राहून गेलं असावं. आपल्याला ऐकू न येणारे उंच पट्टीतले आवाजही कुत्र्याला ऐकू येतात. त्याचे ते चार दिवस कसे जात असतील, कल्पना करवत नाही. आम्ही खिडक्या लावून घेतो, पंखा मोठा करतो, पलंगाखाली जुनी गोधडी घालतो. औषध पशुवैद्यांनी सांगितलं तरच देतो, माणसांचं कधीच नाही.

आता नाना काठी घेऊन खुर्चीत बसले की शेरू त्यांच्या पायाशी येतो, पण ज्या हातात काठी नाही त्या बाजूला. अंडं आता नानाच देतात, आणि तो ते समोर खातो. पोळी अजून सोफ्यामागेच जाते. छत्रीचं काही जमलेलं नाही. पावसाळ्यात आम्ही ती जिन्यातच मिटतो.