रानातील पाण्याची वाट

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



चैत्र सरत आला की बालाघाटाच्या माळावर गवताची काडीही हिरवी राहत नाही. ओढ्यांत वाळू आणि गोटे तेवढे उरतात. अशा दिवसांत पाटोदा किंवा आष्टी तालुक्यातील एखाद्या वस्तीवरचे मूल सकाळच्या शाळेला येताना हरणांचा कळप पाहते आणि वर्गात विचारते, "गुरुजी, आमच्या आईला हंडाभर पाण्यासाठी एवढे लांब जावे लागते. मग ह्या हरणांना पाणी कोठे आहे हे कोण सांगते?"

ह्या प्रश्नाला "जनावरांना ते उपजतच कळते" असे उत्तर देऊन पुढच्या धड्याकडे वळणे सोपे आहे. परंतु त्या उत्तराने मुलाची जिज्ञासा तेथेच संपते, आणि ते उत्तर पुरते खरेही नाही. रानातील प्राणी पाणी कसे मिळवितात ह्याचा शोध शास्त्रज्ञांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चिकाटीने घेतला आहे. त्यातून निघालेला पाठ आपल्या जिल्ह्यातील मुलांना पुस्तकातील पुष्कळ पाठांहून अधिक जवळचा वाटेल.

प्रथम आपल्या भूमीचा विचार करावा. बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो, आणि तोही लहरी असतो. जमिनीखाली काळा पाषाण आहे. हा पाषाण स्वतः पाणी धरीत नाही. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात पाणी साठते. जेथे भेगाळलेल्या थराखाली घट्ट थर लागतो, तेथे डोंगराच्या कुशीतून ते पाणी पाझरते आणि झरा उत्पन्न होतो. मांजरा नदी ह्याच बालाघाटात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. सौताड्याजवळ विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. पावसाळ्यात हे दृश्य पाहावयास माणसे लोटतात. परंतु रानातील जिवाच्या दृष्टीने अशा दऱ्यांचे खरे मोल उन्हाळ्यात असते. सावलीतील डोह आणि कपारीतील ओल माळावरील पाण्यापेक्षा अधिक दिवस टिकते. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले. मोराला दररोज पाणी लागते. म्हणून दऱ्याखोऱ्यांतील पाणवठे हाच त्याच्या वस्तीचा आधार होय.

आता प्राण्यांकडे वळू. त्यांच्या युक्त्यांचे चार प्रकार सांगता येतील: पाणी वाचविणे, पाण्याची चाहूल घेणे, पाणी उकरून अथवा वाहून आणणे आणि पाण्याची वाट लक्षात ठेवणे.

पहिला प्रकार बचतीचा. काही प्राण्यांना पाण्याचा शोध फारसा करावाच लागत नाही. चिंकारा हे हरीण झाडपाल्यातील रसावर आणि पानांवरील दंवावर दीर्घकाळ निभावून नेते. काळविटाला मात्र कडक उन्हाळ्यात पाणवठा गाठावा लागतो. म्हणजे एकाच माळावर चरणाऱ्या दोन हरणांची गरज सारखी नसते. लांडगा, खोकड, घोरपड ह्यांना भक्ष्याच्या शरीरातून पुष्कळ ओल मिळते. दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचे तसे नाही. कोरड्या दाण्यात ओल अल्प. म्हणून होला आणि पारवा पाण्यावर नेमाने येतात. अमेरिकेच्या वाळवंटातील कांगारू उंदीर तर कोरडे बी खाऊनही पाणी न पिता जगतो. अन्नाचे शरीरात ज्वलन होताना पाणी तयार होते. १०० ग्रॅम पिष्टापासून सुमारे ५५ ग्रॅम. हा उंदीर तेवढेही वाया जाऊ देत नाही. दिवसा बिळाच्या दमट हवेत राहतो, रात्री बाहेर पडतो आणि अत्यंत दाट मूत्र टाकतो.

दुसरा प्रकार चाहूल घेण्याचा. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. शुद्ध पाण्याला वास नसतो. जनावराच्या नाकाला येतो तो ओल्या मातीचा, शेवाळाचा आणि चिखलाचा वास. पहिल्या पावसाचा जो सुगंध आपणा सर्वांना प्रिय आहे, त्यातील एक प्रमुख द्रव्य मातीतील सूक्ष्म जीव निर्माण करतात. १९६५ साली शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून त्याला जिऑस्मिन हे नाव दिले. माणसाच्या नाकालाही ते अत्यल्प प्रमाणात ओळखता येते. मग ज्यांचे नाक आपल्याहून तीक्ष्ण आहे, त्यांना वाऱ्यावरून ओलीची वार्ता मिळावी ह्यात नवल नाही. नाकाप्रमाणेच डोळे आणि कानही उपयोगी पडतात. दूरवर उठून दिसणारी हिरवी झाडी, बेडकांचा आवाज, एका दिशेने जाणारे पक्ष्यांचे थवे ह्या साऱ्या खुणाच आहेत. एक जीव दुसऱ्याच्या मागोमाग पाण्यावर जातो.

तिसरा प्रकार श्रमाचा. नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरणे मराठवाड्यातील स्त्रियांना नवे नाही. हीच युक्ती काही जनावरेही करतात. आफ्रिकेतील हत्ती वाळू उकरून पाणी काढतात. अमेरिकेच्या वाळवंटातील मोकाट गाढवे दोन मीटरपर्यंत खोल खड्डे खणतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्या खड्ड्यांवर पन्नासहून अधिक जातींचे इतर प्राणी येत होते. एकाने खणलेला झिरा अनेकांचा पाणवठा झाला.

पाणी वाहून आणणारा पक्षी तर आपल्याच माळावर आहे. त्याचे नाव पखुर्डी. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि तिची पिले पाण्यापासून कित्येक किलोमीटर दूर असू शकतात. नर पाणवठ्यावर उतरतो, पोटाची पिसे पाण्यात भिजवितो आणि उडत परत जातो. पिले ती ओली पिसे चोचीत धरून पाणी शोषतात. मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षिपालकाने १८९६ साली हे लिहिले, तेव्हा त्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १९६७ साली केड आणि मॅक्लीन ह्या दोघा शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील निरीक्षणांनी ते सिद्ध केले. मधमाशाही पाणी वाहून आणतात. ते पोळ्यात पसरून पंखांनी वारा घालतात आणि पोळे थंड ठेवतात. पाण्याची दिशा व अंतर त्या नृत्याने आपल्या सोबतिणींना सांगतात. ह्या नृत्यभाषेचा उलगडा करणाऱ्या कार्ल फोन फ्रिश ह्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

चौथा प्रकार स्मरणाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. वर्षानुवर्षे त्याच पायवाटेने कळप पाण्यावर येतात, पिले आईच्या मागे चालतात आणि चालता चालता वाट शिकतात. आफ्रिकेतील टांझानिया देशाच्या तारांगिरे उद्यानात १९९३ साली भीषण दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत हत्तींच्या ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. ज्या कळपांत वयस्क माद्या होत्या ते कळप उद्यान सोडून दूर निघून गेले, आणि त्यांची पिले अधिक प्रमाणात वाचली. जो गट जागीच राहिला त्याची हानी सर्वांत मोठी झाली. त्यातील वयस्क माद्या पूर्वी चोरट्या शिकारीत मारल्या गेल्या होत्या. १९५८ ते १९६१ ह्या काळातील दुष्काळ ज्यांनी पाहिला होता, त्या म्हाताऱ्या हत्तिणींना दूरच्या पाण्याची आठवण असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी २००८ साली मांडला. म्हातारी गेली, तिच्याबरोबर पाण्याची वाटही गेली.

ह्या गोष्टीचा आपल्या गावांशी संबंध आहे. आठवणीने वाट कळते. परंतु वाटेच्या शेवटी पाणी असावयास हवे. पूर्वी वैशाखापर्यंत पाझरणारे झरे पुष्कळ ठिकाणी अलीकडे लवकर आटतात. खोल विंधनविहिरींनी भूगर्भातील पाणी उपसले गेले, की झऱ्याचे तोंड सर्वांत आधी कोरडे पडते. १९७२च्या दुष्काळाविषयी वयस्क माणसे सांगतात, "तेव्हा धान्य नव्हते, पण विहिरीच्या तळाशी प्यायला पाणी होते." पुढे २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. माणसांसाठी आगगाडी आली. हरणांसाठी आगगाडी येत नाही. जुन्या वाटेने आलेला कळप कोरड्या झऱ्यापाशी थांबतो, आणि मग पाण्याच्या वासाने शेतातील विहिरीकडे वळतो. विहिरीला कठडा नसला, तर रात्रीच्या अंधारात हरीण, खोकड किंवा रानडुक्कर आत पडते.

पाण्यासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे आपल्या वर्गातील मुलांना सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीस निघालेल्या आईबापांबरोबर कित्येक मुले गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. अशा मुलाने हा पाठ ऐकला तर त्याला हरणांच्या भटकंतीत आपलीच वाट दिसेल. शिक्षकाने ते मूल संकोचणार नाही अशा रीतीने त्याला बोलते करावे. कोठे कोणत्या नदीचे पाणी पाहिले, तेथे कोणते पक्षी होते, हे त्याने सांगावे आणि वर्गाने ऐकावे. एरवी बुडालेल्या अभ्यासामुळे मागे बसणारे मूल त्या दिवशी वर्गाला काही शिकवील.

पाठ प्रत्यक्ष कसा घ्यावा ह्याविषयी काही सूचना पुढीलप्रमाणे:

१. वर्गात "पाणवठ्यांची वही" ठेवावी. मुलांनी आजी-आजोबांना विचारावे: १९७२ साली गावच्या शिवारात शेवटपर्यंत कोणते पाणी टिकले? त्या जागेचे नाव काय? आज तेथे पाणी आहे काय? मिळालेल्या उत्तरांवरून शिवाराचा नकाशा काढावा. ज्यांना तो काळ आठवतो अशी माणसे आता थोडी उरली आहेत. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

२. एखाद्या पाणवठ्याची सहल भर दिवसा आणि सर्व मुलांसमवेत न्यावी. पहाटे किंवा तिन्हीसांजेस कदापि नेऊ नये. त्या वेळा जनावरांच्या आहेत, आणि बिबट्याही त्याच वेळी तेथे येतो. चिखलातील ठसे वाचावयास शिकवावे. हरणाच्या खुराचा ठसा दुभंगलेला व टोकदार असतो. लांडग्या-कोल्ह्याच्या ठशात नखे उमटतात, मांजरकुळातील प्राण्यांच्या ठशात बहुधा उमटत नाहीत. मोराची पुढची तीन बोटे लांब व स्पष्ट दिसतात. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यावरील प्राण्यांची गणना करते, तीही ह्याच तत्त्वावर: कडक उन्हाळ्यात पाण्यावर यावेच लागते.

३. शाळेच्या आवारात पक्ष्यांसाठी उथळ परळ ठेवावे. त्यात एक-दोन दगड टाकावे, म्हणजे खार अथवा पिलू पडल्यास वर येऊ शकेल. पाणी रोज बदलावे. चिमणी चोच वर करून घोट घेते, होला मात्र चोच बुडवून एका दमात पितो. हा फरक मुलांनी स्वतः शोधून काढावा, शिक्षकाने आधी सांगू नये.

४. मोठ्या जनावरांसाठी हौद बांधावयाचा झाल्यास तो वस्तीपासून दूर असावा आणि त्याला आत उतरती बाजू असावी. त्याविषयी ग्रामपंचायत व वनखाते ह्यांच्याशी आधी विचारविनिमय करावा. गावालगत पाणी ठेवून हिंस्र प्राण्यांना दारापर्यंत आणणे शहाणपणाचे नव्हे.

५. शिवारातील कठडे नसलेल्या विहिरींची यादी मुलांनी पालकांच्या मदतीने करावी आणि शिक्षकाने ती ग्रामसभेपुढे ठेवावी. मुलांनी विहिरीजवळ जाऊन पाहणी करू नये. त्या कठड्याने हरीण वाचेल, तसेच एखादे लेकरूही वाचेल.

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळावयाचे. हरणांना पाणी कोण सांगते? काही अंशी त्यांचे नाक सांगते, काही अंशी उडणारे पक्षी सांगतात. परंतु मुख्यत्वे त्यांची आई सांगते, आणि तिला तिच्या आईने सांगितलेले असते. हे उत्तर मुलाला सहज समजेल, कारण हंडा घेऊन जाणाऱ्या त्याच्या आईलाही पाण्याची वाट अशीच कोणीतरी दाखविली होती. त्यानंतर मूल विचारील, "मग ते पाणी आटले तर?" त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षक, मुले आणि गाव ह्यांनी मिळून द्यावयाचे आहे. पाणवठ्यांची वही ज्या दिवशी उघडली जाईल, त्या दिवशी त्याचा आरंभ होईल.