गुप्त पाळतीवर न्यायाधीशाची नजर



सर ब्रायन लेव्हसन यांचा जन्म १९४९ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. १९७० मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९९५ मध्ये रोझमेरी वेस्ट या गाजलेल्या खून खटल्यात त्यांनी सरकार पक्षाची बाजू मांडली आणि २००० मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. परंतु त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते २०११ मध्ये. खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या मोबाइलवरील निरोप 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकासाठी चोरून ऐकले गेल्याचे उघडकीस आले. १६८ वर्षांचे ते पत्र बंद पडले आणि वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी लेव्हसन यांच्याकडे आली. २०१२ मध्ये त्यांनी अहवाल दिला. पत्रे व पोलीस यांच्या संबंधांविषयीचा चौकशीचा दुसरा भाग शासनाने २०१८ मध्ये रद्द केला. लेव्हसन यांनी आपली असहमती लेखी कळविली होती.

इतरांची संभाषणे चोरून ऐकणाऱ्यांची झाडाझडती घेणारा हा न्यायाधीश निवृत्तीनंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, शासनाच्याच गुप्त पाळतीवर देखरेख करणारा आयुक्त झाला. या पदावर त्यांच्यापूर्वी सर एड्रियन फुलफर्ड होते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा २०१२ मधील पहिला निकाल देणाऱ्या पीठाचे ते अध्यक्ष होते.

हे पद २०१६ च्या कायद्याने निर्माण झाले. दूरध्वनी ऐकण्याचा आदेश मंत्री काढतो; पण न्यायिक आयुक्ताने मान्यता दिल्यावाचून तो अमलात येत नाही. पाळत आवश्यक आहे काय, आणि साध्य होणाऱ्या हेतूच्या मानाने ती अधिक तर नाही ना, हे आयुक्त तपासतो. नकार दिल्यास कारणे लेखी द्यावी लागतात. निकडीच्या प्रसंगी मंत्र्याचा आदेश तत्काळ लागू होतो. मात्र तीन कामकाजाच्या दिवसांत न्यायाधीशाचा निर्णय व्हावाच लागतो.

हे काम न्यायालयातील कामाहून कठीण आहे, असे मला वाटते. तेथे दोन्ही पक्ष समोर असतात. येथे ज्याच्यावर पाळत आहे, त्याला त्याची गंधवार्ताही नसते. त्याची बाजू न्यायाधीशालाच मनातल्या मनात मांडावी लागते.

आणि प्रश्न केवळ हेरखात्यांचा नाही. २००८ मध्ये पूल येथील नगर परिषदेने एका कुटुंबावर सुमारे तीन आठवडे गुप्त पाळत ठेवली. कशासाठी? मुलीच्या शाळाप्रवेशासाठी दिलेला पत्ता खरा आहे की नाही, हे पाहण्यासाठी! न्यायाधिकरणाने २०१० मध्ये ती पाळत बेकायदा ठरविली. २०१२ पासून स्थानिक संस्थांना अशा कामासाठी दंडाधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. शाळेत दाखल्यांची पडताळणी करणाऱ्यांना हे उदाहरण परके वाटू नये.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दूरध्वनी ऐकण्याबाबत बंधने घातली. आदेश गृहसचिवाने द्यावा आणि त्याची छाननी सचिवांच्या समितीने करावी, असे त्या निकालात ठरले. म्हणजे अधिकाऱ्याचा कागद अधिकारीच तपासणार. आधी न्यायाधीशाची सही नाही. त्यामुळे न्यायालय आले तर ते मागाहून येते. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. ते आदेश २००९ व २०१० मधील होते.